नाव घेता येईल अशी गिरणी

आमच्या गल्लीतल्या गिरणीला नाव होतं, पण ती चालवणाऱ्या बाईला ते उच्चारता येत नव्हतं. कौसामावशीची आठवण निघाली की मला आधी हेच आठवतं, आणि चुलीपुढं एकटी बसलेली असले तरी हसू येतं.

लग्न होऊन मी बोरीला आले तेव्हा मारुतीच्या देवळामागच्या गल्लीत आमचं घर होतं आणि भिंतीला भिंत लावून मावशीची गिरणी. पुढच्या खोलीत डिझेलचं इंजिन आणि दगडाची चाकं, मागं दोन खण घर. मावशी तेव्हा चाळिशीची असेल. बुटकी, भरल्या अंगाची, चालताना दोन्ही हात झुलवणारी. तिच्या भुवया कायम पांढऱ्या. पिठानं. सणावाराला न्हाऊनधुऊन बाहेर आली की ओळखू यायची नाही. एका नागपंचमीला माझ्या सासूबाईंनीच तिला विचारलं होतं, "कोणाकडं आलात, बाई?"

"तुमच्याच शेजारी नांदायलेय वीस वर्सं," मावशी म्हणाली. "आज तोंड धुतलं ते चुकलंच माझं."

दळण पडायला लागलं की ती पिठाखाली हात धरायची आणि अंगठ्यानं बोटावर चोळून बघायची. तेवढ्या चिमटीत तिला सगळं घर कळायचं. "अजून बारीक काढते. तुझ्या सासूची दाढ पडलीय न्हवं परवा?" रोज ज्वारी दळणाऱ्या घरातून गव्हाचा डबा आला की तिचे डोळे चमकायचे. "पाव्हणे? कोणाकडचे? पोरगी बगायला आलेत का?" विचारायची सगळं, पण एका घरचं दुसऱ्या घरी कधी सांगितलं नाही. "चाक दळतंय ते पुरे हाय," म्हणायची, "मी अजून कामून दळू?"

मला ती मुकाबाई म्हणायची. मी खरंच फार बोलत नसे. माहेरी चौथीपर्यंत शाळा झाली आणि आत्याकडून शिवण शिकले, तेवढंच माझ्याजवळ होतं. शिवणाचं मशीन मी आतल्या खोलीत ठेवलं होतं, वर जुनं लुगडं झाकून. गल्लीतल्या तीन-चार बायका सोडल्या तर इथं ब्लाऊज शिवून मिळतं हे कुणालाच माहीत नव्हतं. एक दिवस मावशी दाणदाण आत आली आणि ते लुगडं तिनं ओढून काढलं.

"हे काय तान्हं लेकरू हाय का, झाकून ठेवायला? उंबऱ्यात आण."

"लोक बघतील, मावशी."

"मंग मी कशाला आण मनायलेय? बगायसाठीच!"

"मला नाही जमणार. सगळ्यांसमोर तोंड करून बसायचं..."

मावशीनं कमरेवर हात ठेवून थोडा विचार केला. "मंग पाठ करून बस. पाठ तर पाठ."

दुसऱ्या दिवशी मी गल्लीकडं पाठ करून उंबऱ्याच्या आत मशीन लावून बसले. मावशी समोरच्या कट्ट्यापर्यंत मागं मागं गेली, डोळे बारीक करून बघून आली आणि म्हणाली, "आता हे ब्लाऊज बदल. ते घाल, मागं गळ्याला नाडी अन् पट्टी काढलेलं. लोकं तुझी पाठच बगणार हायेत न्हवं? मंग पाठीला बोलू दे."

महिन्याभरात बायका यायच्या आणि माझ्या पाठीवर बोट टेकवून म्हणायच्या, "मला असाच गळा पायजे." मला मान वळवायचीही गरज पडायची नाही. मावशी येता-जाता टोमणा मारायची, "तुझ्या तोंडापरीस तुझी पाठ बोलकी हाय."

दुसऱ्याचं काय अडलंय ते तिला असं चटकन दिसायचं. पण गावात पंचायतीचा टीव्ही आला त्याच्या आगेमागे तिच्या स्वतःच्याच धंद्याला घरघर लागली.

एस.टी. स्टँडजवळ एकानं विजेवरची नवी गिरणी घातली. तीही वाईट नव्हती, आणि तो माणूसही वाईट नव्हता. पण ती रस्त्यावर होती आणि आमची देवळामागं, दोन वळणं घेऊन. आसपासच्या वाड्यांवरून येणाऱ्या बाया स्टँडवर उतरायच्या, समोर गिरणी दिसायची, तिथंच डबा टेकवायच्या. मावशीकडं गल्लीतल्या जुन्या बाया तेवढ्या राहिल्या. इंजिन दुपारपर्यंतच चालायचं, मग दिवस दिवस बंद राहायला लागलं.

मावशीचे मालक स्वभावानं अबोल. चाकाला टाकी लावून धार काढणं, इंजिन पुसणं, एवढंच त्यांचं जग. त्यांनी त्यांच्या परीनं एक उपाय केला. जिंतूरहून पेंटर बोलावला आणि पत्र्याची मोठी पाटी रंगवून गल्लीच्या तोंडाशी ठोकली. 'माणिकराव पिठाची गिरणी. येथे सर्व प्रकारचे दळण दळून मिळेल.' अक्षरांना लाल सावली दिलेली, कोपऱ्यात कमळ. मालक दिवसातून तीनदा जाऊन ती फडक्यानं पुसायचे.

पंधरा दिवस झाले, पाटीमुळं एकही डबा आला नाही. मावशी पाटीखाली उभी राहून बघत होती. म्हणाली, "मुकाबाई, चूक सापडली बग. पाटी वाचणारे दळण घेऊन येत न्हाईत, अन् दळण घेऊन येणाऱ्या पाटी वाचत न्हाईत."

खरंच होतं. दळण आणणं बायकांचं काम. आणि त्या वेळी आमच्याकडं किती बायकांना वाचता यायचं?

त्याच आठवड्यात मालक जेवताना म्हणाले, "दिवाळीपर्यंत बगतो. न्हाई जमलं तर इंजिन इकू अन् भावाकडं येलदरीला जाऊ. धरणावर काईतरी काम भेटंल."

मावशीनं हे मला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा पाय पसरून, भिंतीला टेकून बसलेली मी बघितली. "सोळाव्या वर्सी या गिरणीत आले गं मी. दाण्याशिवाय मला काई कळत न्हाई. तिथं धरणावर काय, पाणी दळू?" आणि हे म्हणून तिलाच हसू आलं, आणि ती उठली. तिचं तसंच होतं. रडायला बसायची आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसून उठायची.

पुढच्या बाजारच्या दिवशी ती मला ओढत घेऊन गेली. त्या काळात विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं कधी एस.टी. यायची, कधी नाही, पण त्या दिवशी बाजार चांगला भरला होता. मावशीनं डोक्यावरून पितळेचं ताट नेलं होतं. ताटात ज्वारीच्या पिठाचे तीन ढीग: एक जाडसर, एक मध्यम, एक अगदी मऊ. भाजीवाल्यांच्या रांगेत ती उभी राहिली आणि बायकांना बोलवायला लागली. "ये गं माय, हात लावून बग. हात लावायला काई लागत न्हाई. तुला कसं पायजे, असं का असं?" बाया थांबायच्या, पीठ चोळून बघायच्या. एका वाडीवरच्या बाईला मऊ पीठ फार आवडलं.

"कुठं दळलंय हे?"

"आमच्या गिरणीत."

"तुमची कंची?"

"देवळामागली. आमच्या मालकाची."

"मालकाचं नाव काय? इचारत यीन की मी."

मावशीचं तोंड उघडं तसंच राहिलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? तिनं माझ्याकडं बघितलं. "तू सांग गं."

मी मान खाली घातली. लाजले म्हणून नाही. माझ्या सासऱ्यांचं नावही माणिकरावच. लिहिताना हात अडत नाही, पण तोंडातून ते नाव माझ्या कधी गेलं नाही.

मावशीनं शेजारच्या मेथीवालीकडं बघितलं. "तू तरी सांग."

"मी कशी सांगू बाई? माझ्या थोरल्या दिराचं नाव हाय ते."

मागं एक म्हातारा वांगी विकत बसला होता. तो इतका हसला की त्याचा तराजू कलंडला. "तीन बाया अन् एक नाव निगंना! आवं, मंग उखाण्यात घ्या की!"

दुसरी कुणी असती तर ताट उचलून घरी गेली असती. मावशीनं पदर नीट केला, घसा साफ केला आणि भर बाजारात म्हणाली:

"टोपल्यातल्या भाकरीला फडक्याचं झाकण,
माणिकरावांच्या गिरणीत आणा तुमचं दळण!"

सगळी रांग हसली. म्हाताऱ्यानं तिला दोन वांगी फुकट दिली. मी मात्र पदरात तोंड लपवून उभी होते.

घरी आल्यावर तिनं ओसरीत बसून बोटांवर मोजायला सुरुवात केली. कुणाच्या घरात नवरा माणिक, कुणाचा सासरा, कुणाचा थोरला दीर. आमच्याकडं हे नाव भारी चालतं. अकरा सुना निघाल्या.

"अकरा जणींच्या तोंडाला कुलूप घातलंय त्या पाटीनं," ती म्हणाली. "बाई गिरणीला आली तर ती आपल्या तोंडानं चार जणींना सांगती. पण नावच घेता येत न्हाई तर सांगंल काय? अन् मी उखाणा घेईन एकदा. सासऱ्याचं नाव उखाण्यात कोण घेतंय?"

मग नवं नाव शोधायला आम्ही बसलो. देवाचं नाव ठेवावं तर मारुती सोनाराच्या घरी, बालाजी पाटलाच्या घरी, विठ्ठल, किसन, दत्ता, सगळेच. "देव समदे कोणाच्या ना कोणाच्या सासरचेच," मावशी वैतागून म्हणाली. देवीचं ठेवावं तर तुळजा ही तिची स्वतःचीच सासू.

त्याच वेळी तिचं लक्ष माझ्या मशीनखाली गेलं. शाळेच्या पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी मी मुलींचे पिवळे परकर शिवले होते, त्याची कतरण बोचकंभर पडली होती.

गिरणीत सगळे डबे सारखे. तेलाचे, तुपाचे, पत्र्याचे. अदलाबदल व्हायची, भांडणं व्हायची. मावशीनं कतरणीच्या चिंध्या फाडल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आलेल्या प्रत्येक डब्याच्या कडीला एकेक बांधली. "हे कशाला?" बायका विचारायच्या. "तुझा डबा हरवू नये मनून." गाठी वेगवेगळ्या. कुणाला एक गाठ, कुणाला दोन, कुणाला फुलासारखी. आपली गाठ प्रत्येकीला ओळखू यायची, आणि गाठ सोडायची नाही असं मावशी बजावायची. "पुढच्या बारीला हीच चालंल."

ते पिवळे डबे डोक्यावरून, काखेतून गावभर फिरायला लागले. नदीकडं, शेताकडं, स्टँडवरून वाड्यांकडं. बायका एकमेकींना विचारायच्या, "हे कशाचं गं?" आणि उत्तर द्यायला कुणाचंच तोंड अडायचं नाही. "पिवळ्या चिंधीला गेले होते." पंधरवड्यात गिरणीचं नावच ते पडलं.

एक मात्र झालं. मालक खट्टू झाले. पाटी पुसायला जायचे ते बंद झालं. मावशीला ते कळत होतं. एकदा मी ऐकलं, ती त्यांना म्हणत होती, "तुमचं नाव लहान न्हाई वो. लय मोठं हाय, मनून तर तोंडात मावत न्हाई."

दोन दिवसांनी मालक तुपाचा रिकामा डबा घेऊन छपरावर इंजिनाच्या धुराड्यापाशी चढले. डब्याला भोक पाडलं, तो धुराड्याच्या तोंडावर उलटा टांगला, तारेनं आवळला. खाली इंजिन चालूच होतं. पुक्-पुक्-पुक्-पुक्! असा आवाज की देवळावरची कबुतरं उडाली. मावशी पिठाचे हात घेऊन बाहेर पळत आली.

"हे काय केलं?"

"तुमाला नाव घेता येत न्हाई," मालक वरूनच म्हणाले. "याला येतंय."

मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब बोलणं तेच.

तो आवाज कापूस वेचणाऱ्या बायांना शेतात ऐकू जायचा. गिरणी चालू आहे की बंद, हे बघायला दोन वळणं चालून यायची गरज उरली नाही. पुक्-पुक् ऐकलं की बाई घरी आली, डबा भरला, निघाली. शाळेचे मास्तर तक्रार घेऊन आले, की मुलांचं लक्ष लागत नाही. मावशी म्हणाली, "मास्तर, तुमची घंटा वाजती तवा आमी काई मनतो का? उलट पाव्हण्याला सांगतो, घंटा वाजली ती आमच्या गावची शाळा." आणि त्यांच्या हातात बाजारातून आणलेल्या गव्हाची पिशवी होती, ती दळायला काढून घेतली. मास्तर चिंधी बांधलेली पिशवी घेऊन परत गेले.

तरी दिवाळीची टांगती तलवार होतीच. मालकांनी भावाला कधीचंच कळवून ठेवलं होतं. वसुबारसेच्या दिवशी सकाळी मालकांचा भाऊ येलदरीहून आला आणि सोबत इंजिन बघायला एक गिऱ्हाईक घेऊन आला. धोतर, टोपी, हातात छत्री. मी उंबऱ्यात मशीनवर बसले होते. पहिल्यांदाच मी गल्लीकडं तोंड करून बसले, कारण मला बघायचं होतं.

त्या दिवशी फराळाची दळणं. गिरणीच्या दारापासून आमच्या कट्ट्यापर्यंत डबेच डबे. हरभऱ्याची डाळ, भाजणी, तांदूळ. बायका डब्यांवर बसून गप्पा मारत होत्या. त्या गिऱ्हाइकाला आत जायला वाट मिळेना. एकीनं त्याला दटावलं, "रांगेत या, बाबा! आमी काय इथं हवा खायला बसलोत का?"

"मला दळायचं न्हाई. मी इंजिन बगायला आलोय."

तो कसाबसा आत गेला. मीही उठून गिरणीच्या दारात गेले. मालक चाकापाशी उभे होते. तो ओरडून म्हणाला, "जरा बंद करा की. बंद केल्याबिगर बगता येत न्हाई."

मावशीनं वर बघितलं नाही. ती पीठ चोळत होती, पण तिचा अंगठा बोटावर तसाच थांबला होता. मालकांनी हात पट्ट्याच्या दांड्याकडं नेला. दांडा ओढला की पट्टा उतरतो आणि चाक थांबतं. तिथंच हात ठेवून त्यांनी दारातून बाहेर बघितलं. रांगेकडं, पिवळ्या गाठींकडं, त्या सगळ्या बायकांकडं. मग हात काढून घेतला.

"बावीस डबे हायेत," ते म्हणाले. "थांबता?"

"बावीस? मला दुपारची गाडी हाय!"

"मंग बगू नका. बंद करायला फुरसत न्हाई."

गिऱ्हाईक छत्री घेऊन निघून गेलं. भाऊ मात्र राहिला. मावशीनं त्याला डबे उचलून द्यायच्या कामाला लावलं आणि दिवाळी करूनच परत पाठवलं. त्या दिवशी दुपारी ती माझ्या दारात आली, भुवयांवर पीठ, डोळ्यांखाली दोन ओल्या रेघा. म्हणाली, "डाळीचं पीठ डोळ्यात गेलं गं." मी मान हलवली. मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "अगं माय! तुला तोंड हाय की!"

पुढं संक्रांतीला स्टँडवरच्या गिरणीवाल्यानं त्याच्या डब्यांना हिरव्या चिंध्या बांधायला सुरुवात केली. मी रागावून सांगायला गेले तर मावशी टाळ्या पिटून हसली. "आता समद्या गावाला कळलं, चिंधी असली की ती चांगली गिरणी. त्यानं आपलं बगून बांधली मंजी आपण मोठे." वीज गेली की तो आपल्या बाया मावशीकडं पाठवायचा. मावशी त्यांच्या हिरव्या चिंधीशेजारी आपली पिवळी बांधून द्यायची.

पुढं माझ्या मालकांना पिंगळीला काम लागलं आणि आम्ही बोरी सोडली. नामांतर झालं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात एका लग्नाला बोरीला जाणं झालं. परतीच्या गाडीला अर्धा तास होता, म्हणून मी धावत गल्लीत गेले.

उन्हाळ्याची दळणं चालू होती. शेवयांचे गहू, पापडाची डाळ. दारात इतकी गर्दी की आत पाय टाकता येईना. रांगेतल्या एका तरुण सुनेनं मला विचारलं, "तुमचं काय दळायचंय?" मी म्हणाले, "काही नाही. मी नुसती भेटायला आले." ती म्हणाली, "मंग बसा. आठ डबे हायेत माझ्या पुढं." मी बसले. उठून टाचा उंच केल्या की बायकांच्या डोक्यांवरून मावशी दिसायची. केसही आता भुवयांसारखे झाले होते, पिठानं की वयानं ते कळत नव्हतं. मालक पलीकडं चाकापाशी, थोडे वाकलेले.

तिनं मला बघितलं. दोन्ही हात वर केले, मग डब्याकडं बघितलं, मग परत माझ्याकडं. येऊ शकत नव्हती. पीठ पडत होतं. तिनं हसून काहीतरी सांगितलं, चांगली दोन-तीन वाक्यं, हातवारे करून. इंजिनाच्या आवाजात मला एक शब्दही ऐकू आला नाही.

स्टँडवर गाडीचा हॉर्न वाजला. ती काय म्हणाली ते मला आजही माहीत नाही. मी तिथूनच जोरजोरात मान हलवली, हो, हो म्हणून, आणि तिनं पुढचा डबा उचलला.